पुढची गाडी सोडायची नाही

"क्लच सोडताना घाई करू नकोस. जपाचा मणी कसा सोडतेस, बोटाला कळत कळत? तसाच सोड. मणी निसटला तर देव रागवत नाही, पण क्लच निसटला की मॅटाडोर रागावते."

हे आमच्या ह्यांचं बोलणं. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा संपतो तिथल्या मोकळ्या रानात त्यांनी मला गाडी शिकवली. सासू व्हायचं वय झालेलं. बांधावरून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हे म्हणायचे, त्यांच्याकडे बघू नकोस, समोर बघ. मी समोर बघितलं आणि शिकले.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ ह्यांचं टेम्पोच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप होतं. लोकांच्या गाड्या बांधता बांधता एक जुनी मॅटाडोर घेतली आणि तिच्यात घर बांधलं. दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग व्हायचा. गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, कोपऱ्यात भांड्यांची फळी, आणि देवांसाठी भिंतीतच काचेच्या दाराची एक लहान देवळी. लोक मोटरहोम म्हणत, आम्ही घरगाडी म्हणायचो. तिच्यातून वणी झाली, त्र्यंबक झालं, ओंकारेश्वर झालं.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून स्तोत्र म्हणायचं, हा माझा नेम. लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. चालत्या गाडीत, गॅसच्या टाकीशेजारी ज्योत पेटवायची नाही, हा ह्यांचा नियम. दोघांचं एकाच गोष्टीवर जमायचं: दिवेलागणीला गाडी रस्त्याच्या कडेला उभी.

हे गेले. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, आणि कुंदनने विषय काढला.

"आई, घरगाडीला गिऱ्हाईक आलंय. आइस्क्रीमची गाडी करायचीय त्याला."

"मी चालवते की तिला."

"बाबा होते तेव्हा ठीक होतं. आता तू एकटी?"

सूनबाई हर्षाली आतून म्हणाली, "आई, तुम्ही साधं पंचवटीपर्यंत गाडी नेलीत तरी हे गॅलरीत येरझाऱ्या घालतात. चहासुद्धा उभ्याने पितात."

कुंदन वाईट नाही. भित्रा आहे, आणि भीतीला काळजी म्हणतो. त्याने शेवटी तोड काढली. नाशकात घरगाडीवाल्यांचा एक क्लब निघाला होता. द्राक्ष बागायतदार, डॉक्टर, कंत्राटदार, अशा हौशी लोकांचा. सगळे मिळून ओळीने सहलीला जायचे. "त्या क्लबात नाव घाल," कुंदन म्हणाला. "त्यांच्याबरोबर फिरलीस तर गाडी ठेवू. एकटीने फिरायचं असेल तर विकू." आणि चावी त्याने आपल्या कपाटात ठेवली.

मला मुलाशी भांडायचं नव्हतं. गाडीही सोडायची नव्हती. म्हटलं, बघून तर येऊ.

गंगापूर रोडला एका हॉटेलच्या हिरवळीवर त्यांची बैठक होती. खोटं कशाला बोलू, क्लबाचे फायदे होते. आरटीओत गाडीचे कागद अडले तर कोणाकडे जायचं, रात्री मुक्काम कुठे सुरक्षित, बाईमाणसाला आंघोळीची सोय कुठे, हे त्यांना पाठ होतं. एका डॉक्टरांनी माझ्या टाकीचा पाइप का गळतो ते उभ्या उभ्या सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. नवीन गाडी घेतलेल्या, रस्त्याची सवय नसलेल्या माणसाला मी आजही सांगेन, जा बाबा, फायदा आहे.

क्लबाचे अध्यक्ष भिकनशेठ. कार्डावर बी. टी. साहेब असं छापलेलं, पण त्यांची म्हातारी आई कमळाबाई शेजारीच बसलेली. ती दर थोड्या वेळाने "भिकन, पानी दे रे" म्हणायची आणि साहेबांचा भिकन होऊन जायचा. सटाण्याकडची माणसं, आई घरात अहिराणीच बोलायची.

भिकनशेठ उभे राहून म्हणाले, "आपला नियम एकच. पुढची गाडी सोडायची नाही. ती वळली की वळायचं, थांबली की थांबायचं. डोकं चालवायचं नाही. डोकं चालवलं की लाईन तुटते."

मी हात वर केला. "मला दिवेलागणीला थांबावं लागतं."

"बघू हो, बघू," ते म्हणाले. "आधी एक चाचणी सहल करा. लेडीज ड्रायव्हर आमच्याकडे पहिल्यांदाच आहे. तुम्हाला मधे ठेवतो, पुढून मागून आधार."

आठवड्याने निघालो; सहलीपुरती चावी कुंदनने कपाटातून काढून दिली. धुळ्याच्या अलीकडे कुठल्याशा रिसॉर्टवर मुक्काम होता. सगळ्यात पुढे भिकनशेठची नवीकोरी गाडी, लगेच मागे माझी मॅटाडोर, तिच्या मागे बाकीच्या. माझ्या मागच्या गाडीत कमळाबाई. ती गाडीही भिकनशेठचीच, त्यांचा ड्रायव्हर चालवत होता. आईला एसीने मळमळतं म्हणून तिला जुन्या गाडीत बसवलेलं.

ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. चांदवडच्या घाटात ऊन पिवळं झालं. घाट चढून वर आलो आणि डावीकडे देवळा-सटाण्याचा फाटा दिसला, तोवर डोंगरामागे सूर्य गेला होता. फाट्याशीच एक कांद्याची चाळ होती, पुढे मोकळं अंगण. मी साइड दिली, सावकाश गाडी खाली उतरवली आणि चाळीसमोर उभी केली.

देवळीचं दार उघडत होते तेवढ्यात मागे घरघर ऐकू आली. खिडकीतून बघते तर माझ्या मागची गाडी उतरतेय, तिच्या मागची उतरतेय, तिच्या मागची वळतेय. पुढची गाडी सोडायची नाही ना. माझ्या मागचा सगळा क्लब शिस्तीत कांद्याच्या चाळीपुढे येऊन उभा राहिला. एकानेही डोकं चालवलं नाही. चाळीवरचा राखणदार बिचारा काठी घेऊन बाहेर आला आणि विचारू लागला, "काय हो, कांदा भरायला बारदान आणलंय का?"

मला हसू आलं, पण नेम आधी. दिवा लावला. स्तोत्र सुरू केलं तोच दारातून कमळाबाई आत आल्या, चप्पल काढून बाकावर बसल्या आणि हात जोडले. स्तोत्र झाल्यावर म्हणाल्या, "मन्हं माहेर ह्याच रस्त्याले शे. सटाण्याना पलीकडे. मोठी बहीन शे तठे. आते खाटवरून उठत नही."

"मग भेटलात कधी?"

"दर खेपले हाऊ फाटा दिसस," त्या म्हणाल्या. "गाडी सरळ जास."

बाहेर भिकनशेठ परत आले होते. बऱ्याच पुढे गेल्यावर त्यांना आरशात कोणी दिसेना. त्यांनी गाडी वळवली, धुरळा उडवत चाळीवर आणली आणि उतरून दार आपटलं.

"लताबाई, ही काय थांबायची जागा आहे?"

"दिवेलागण झाली, शेठ. तुम्हाला सांगितलं होतं."

"सगळी लाईन थांबवलीत तुम्ही."

"मी माझी गाडी थांबवली. बाकीचे का थांबले ते त्यांनाच विचारा."

डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "नियम, साहेब." मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"देवाचं मीही करतो," भिकनशेठ म्हणाले. "पण मुक्कामाला पोचल्यावर. देव काय अर्धा तास थांबणार नाही?"

"देव थांबेल हो. सूर्याला कोण सांगणार?"

"मग असं करू. तुमच्या गाडीला आमचा ड्रायव्हर देतो. तो चालवेल, तुम्ही मागे बसून आरामात दिवा लावा."

"गॅसच्या टाकीशेजारी, चालत्या गाडीत?"

ते वैतागले. "मग तुम्हीच ठरवा. दिवा सोडता की क्लब?"

"क्लब," मी म्हणाले.

"काय?" त्यांना नीट ऐकू गेलं नाही; माझा आवाज मुळातच लहान, त्यात रस्त्यावर ट्रक चाललेले. "काय म्हणालात?"

"क्लब सोडते, म्हणाले."

भिकनशेठना वाटलं असावं मी रडेन, माफी मागेन. मी देवळीची काच पुसत होते.

कमळाबाई दारात उभ्या राहिल्या. "भिकन, हाऊ रस्ता मन्हा माहेरले जास."

"आई, आत्ता नको. पुढच्या खेपेला."

"कवय येई तुन्ही पुढली खेप?"

"अगं, सटाण्याच्या पुढे रस्ता खराब आहे. गाडी खाली घासते. नवी आहे ना."

कमळाबाई चप्पल पायात सरकवायला लागल्या, आणि ती त्यांना नीट सापडेना.

"माझी जुनी आहे," मी म्हणाले. "मी नेते त्यांना. सोमवारी सकाळी."

भिकनशेठ हसले. "तुम्ही? एकट्या?"

"एकटी कशी? त्या आहेत की."

कमळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खरं म्हनस का तू?"

"दिव्यासमोर बोलले, आजी."

मी तिथूनच मागे वळले. चांदवडला देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम केला आणि सकाळी घरी आले. माझ्या आधी भिकनशेठचा फोन पोचला होता.

"आई, काय करून आलीस?" कुंदन म्हणाला. "ते म्हणतात तुझ्या आईला आवर. त्यांच्या आईचं डोकं फिरवलंस म्हणे."

"त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. बहिणीला भेटायचंय त्यांना."

"ती त्यांच्या घरची गोष्ट आहे. आणि आपलं काय ठरलं होतं? क्लबात राहशील तर गाडी."

"तू ठरवलं होतंस. मी बघून येते म्हटलं होतं. आले बघून. क्लब चांगला आहे, कुंदन, पण मी त्यातली नाही. त्यांना सगळ्यांनी एका जागी पोचायचंय. मला जिथे जायचंय तिथे त्यांची गाडी जात नाही."

"आणि रस्त्यात बंद पडली तर?"

"उतरेन. बॉनेट उघडेन."

"दोन म्हाताऱ्या एकट्या रस्त्यावर!"

"दोघी म्हणजे एकट्या कशा हो?" हर्षाली भाजी चिरता चिरता म्हणाली, आणि नवऱ्याने बघितल्यावर परत चिरायला लागली.

"चावी मी देणार नाही," टेबलावरची चावी उचलत कुंदन म्हणाला.

"बरं," मी म्हणाले. "मग एसटीने नेईन त्यांना. पण गाडी विकायचा कागद माझ्यासमोर आणू नकोस, मी अंगठासुद्धा उठवणार नाही. आणि इथून पुढे माझ्या जाण्यायेण्याचं कोणी माझ्यासाठी ठरवायचं नाही. क्लबाने नाही, तूही नाही."

इतकं सलग मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. तो चावी घेऊन आत गेला.

सोमवारी पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन आले आणि पूजेला बसले. पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. कुंदन शेजारी येऊन बसला. "रस्ता खराब आहे," म्हणाला. मी फुलं वाहत होते. "मी रविवारी सुट्टीच्या दिवशी येतो तुमच्याबरोबर," म्हणाला. मी गंध लावत होते. "तुला उपास आहे, चक्कर आली तर?" मी आरती केली. त्याच्यापुढेही तबक धरलं. त्याने हात फिरवून डोळ्यांना लावले, खिशात हात घातला आणि चावी तबकात ठेवली.

"पोचलीस की फोन कर," म्हणाला आणि चहा न घेताच आत गेला.

साबुदाण्याचा डबा भरला, पाण्याची टाकी भरली, बाकावर जाड गोधडी घातली. भिकनशेठच्या बंगल्यापाशी हॉर्न वाजवला नाही. कमळाबाई फाटकाबाहेर येऊन थांबल्याच होत्या. अंगावर नवं लुगडं, हातात बहिणीसाठी बांगड्यांचं पुडकं. वरच्या मजल्याच्या खिडकीत पडदा हलला, पण खाली कोणी आलं नाही. मी उतरून त्यांना हात दिला, पुढच्या सीटवर बसवलं, त्यांचा पदर दारात अडकणार नाही असा आत घेतला आणि गाडी चांदवडकडे, आग्रा रोडच्या दिशेने काढली.