उभ्याने घेतलेला नमुना

आमच्या आत्याने तिच्या वहिनीचं, म्हणजे माझ्या आईचं, नाव एका डायटमला दिलं आहे. डायटम म्हणजे स्वतःभोवती काचेची डबी करून राहणारं, एकाच पेशीचं शेवाळ. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. भावजयीला नावं ठेवणाऱ्या नणंदा घरोघरी सापडतील, पण भावजयीचं नाव ठेवणारी ही एकटीच असावी. त्या नावाला मागून लॅटिन शेपूट आहे. लहानपणी मला त्याचं फार हसू यायचं. मी चार वर्षांची असताना आई गेली. तिचे दोन फोटो आणि हे शेपटीवालं नाव, एवढंच माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात त्या नावावरही पाणी पडायची वेळ आली. डायटमच्या जातींची यादी नव्याने लावणाऱ्या एका संशोधकाचा आत्याला फोन आला. पोरगा भलताच अदबशीर. आईने आणलेल्या मूळ नमुन्याच्या लेबलावर जो ओढा होता, तिथे तो स्वतः जाऊन आला होता, पण दगडांवर त्याला कुठेही सापडणारी साधी जातच मिळाली. मूळ काचपट्टी पिवळी पडलेली, तिच्यावरून काही ठरवता येईना. ताजा नमुना मिळाला नाही तर आईचं नाव काढून तिला त्या साध्या जातीतच धरावं लागणार होतं.

"धरा की," म्हणून आत्याने फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी धड बोलली नाही.

आत्याची नजर गेली आहे. मध्ये अंधार, कडेकडेने थोडंसं दिसतं. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसलेली बाई, आता समोरच्याचं तोंड तिला दिसत नाही, आणि त्याबद्दल तिच्यापुढे चकार शब्द काढायची सोय नाही. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तेव्हा मीच कंबर कसली. सुट्टीच्या दिवशी ओढ्यात उतरले, टूथब्रशने दगड घासले, ते गढूळ पाणी प्रयोगशाळेत नेऊन आम्लात उकळलं. आम्लात बाकी सगळं जळून जातं, काच तेवढी उरते.

मग आत्याच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. मी बघायचं आणि दिसेल तो आकार बोटाने तिच्या तळहातावर काढायचा, असं आमचं ठरलं होतं.

"हळू गं, गुदगुल्या होतात," ती म्हणाली. "हं. होडीसारखी. मध्ये फुगलीय का?"

"नाही."

"नीट बघ."

"डोळे फुटेपर्यंत बघितलं, आत्या," मी म्हणाले आणि जीभ चावली.

"तो मान माझा आहे," ती हसली. पण हात मात्र मिटून घेतला. "म्हणजे पोरगा बरोबर आहे. वहिनीच्या मायेपोटी मलाच नसतं काहीतरी दिसलं असेल."

मला रडू फुटलं. आई दुसऱ्यांदा जातेय असं वाटलं मला, आणि या वेळी कळत्या वयात.

आत्याला रडणं आवडत नाही, म्हणून मी चहा टाकला आणि तक्रारीवर आले. ओढ्यात कशी घसरले, कशी कमरेपर्यंत भिजले, सगळं मीठमसाला लावून सांगितलं. "आई कशी उतरायची गं तिथे?"

"ती कसली उतरतेय! वाकताच येत नव्हतं तिला. सातवा चालू होता, तू पोटात..." आत्या थांबली. कप हातातच राहिला. "मग तिनं घासलं काय?"

मी माझा कप खाली ठेवला.

"मी तापाने पडले होते," ती आठवत आठवत बोलू लागली. "ती रोज तिकडे पाय मोकळे करायला जायची. त्या दिवशी जाताना माझी नमुन्याची बाटली घेऊन गेली. आली ती हसतच. म्हणाली, वन्सं, तुमचे दगड काही मला जमले नाहीत, उभ्या उभ्या हाताला लागलं ते पिळून आणलंय. मला वाटलं, चेष्टा करतेय. मी आपली सवयीने लिहून मोकळी झाले, ओढ्यातला दगड म्हणून. आणि आम्लात घातल्यावर दगड काय नि भिंत काय, काच ती काच."

पुढच्या सुट्टीला मी ओढ्यात उतरलेच नाही. काठाच्या वाटेला लागून एक उभा खडक आहे, बारमाही पाझरणारा. त्याच्यासमोर उभी राहिले, वाकले नाही, नुसता हात पुढे केला. हाताला मखमलीसारखं ओलं शेवाळ लागलं. ते बाटलीत पिळलं आणि तशीच घरी आले.

"आम्ल नको," आत्याने बजावलं. "त्यात सगळं सुटं होतं. जिवंतच बघ."

मी बघितलं आणि तिचा हात ओढून घेतला. एक होडी काढली, पोटाशी फुगलेली. तिला खेटून दुसरी. तिला खेटून तिसरी. तळहात संपला तशी मनगटावर गेले, मनगट संपलं तशी कोपराकडे.

"सगळ्या फुगलेल्या?" आत्याने विचारलं.

"सगळ्या. आणि लांबच लांब पट्टी आहे, एकमेकींना धरून."

"वहिनी गं," ती म्हणाली आणि चक्क रडली. मला रडू नको म्हणणारी बाई! मी तिला पोटभर रडू दिलं.

मग नाक पुसून ती कामाला लागली. "त्या पोराला सकाळी फोन लाव. आधी ते जुनं लेबल सुधार. लिही, ओढ्याकाठचा पाझरता खडक, ओलं शेवाळ, उभ्या बाईचा हात पोचेल त्या उंचीवर."

"असं लिहितात?"

"मी लिहिते. नमुना घेणारी..." तिने आईचं पूर्ण नाव सांगितलं. मी ते सावकाश लिहिलं. "आता पुढे तुझं."

"माझ्या नमुन्याला वेगळं लेबल लावते ना, आत्या. हे तर जुनं आहे."

"जुन्याचंच सांगतेय," आत्या म्हणाली. "तूही होतीसच की तिथे."