आधी भोंगा, मग दुर्बीण

"हात वर करा, काका. अहो, इतके नाही! बंदूक नाही रोखली कुणी तुमच्यावर."

ताई हसली आणि तिने टेप त्याच्या छातीभोवती फिरवली. खुर्चीत बसल्या बसल्याच ती माप घेत होती. छातीचं झालं, कमरेचं झालं. खांद्याचं माप घ्यायला मात्र तिने टेबलाची कड धरली आणि उठायला लागली. डाव्या बाजूला गुडघ्याखाली गाऊन नुसताच लोंबत होता.

"उठू नका, उठू नका. मीच बसतो की खाली," तो घाईघाईने म्हणाला आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसला.

खरं तर त्याला खाली मान घालायला निमित्तच हवं होतं. या बाईच्या हातचा शर्ट अंगात घालण्यापेक्षा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. पण ती ऐकेल तर ना! येत्या रविवारी किनारा समितीतर्फे त्याचा सत्कार होता. शार्कने धरलेल्या बाईला पाण्यातून ओढून काढलं, कमरेचा पट्टा मांडीला आवळून रक्त थांबवलं, जीव वाचवला म्हणून सत्कार. आणि ती बाई म्हणजे हीच. गल्लीतले अर्धे कपडे शिवणारी ताई. तिने निरोपच पाठवला होता, "काकांचा शर्ट माझ्याकडून. कुणी मध्ये पडायचं नाही."

आत्ता ती त्याच्या खांद्यावर टेप ताणून धरत होती. "डावा खांदा जरा उतरलाय तुमचा."

"बावीस वर्षं त्याच हातात दुर्बीण धरतोय," तो म्हणाला, आणि दुर्बीण हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली.

किनाऱ्यावर सगळे त्याला भोंगेकाका म्हणत. वाळूत एक लाकडी मनोरा होता, त्यावर सकाळी सहा ते दुपारी दोन त्याने बसायचं आणि पाण्याकडे बघायचं. बस्स, एवढीच नोकरी. पाण्याखाली लांबट काळी सावली दिसली की भोंगा वाजवायचा, लाल बावटा चढवायचा, माणसं बाहेर काढायची. नव्या माणसाला मनोऱ्यावर घेतलं की पहिल्या दिवशी तो एकच धडा द्यायचा, "आधी भोंगा, मग दुर्बीण." म्हणजे शंका आली की आधी वाजवा, खात्री नंतर करा. शार्क तुमची खात्री होईपर्यंत थांबत नाही, तो काही जावई नव्हे आग्रहाची वाट बघायला. हे तो हसत हसत सांगायचा आणि ऐकणारेही हसायचे.

ताईचा भाऊ चहा घेऊन आला. मोठा होता, फटकळ होता, पण बहिणीचं सगळं तोच करत होता. पायमशीनला त्याने मोटर बसवून दिली होती, आणि मोटरची टाके पळवायची खोड अजून ताईच्या अंगवळणी पडली नव्हती.

"घ्या काका. तुम्ही होतात म्हणून ही आहे. नाहीतर हिचं लक्ष कुठे असतं देव जाणे! अख्खा किनारा भोंगा ऐकून बाहेर येतो आणि ही बया आपली पाण्यात!"

"दादा, किती वेळा तेच?"

"का नको म्हणू? कंबर दुखते म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं, पाण्यात झोपायला नव्हतं सांगितलं."

भाऊ गेल्यावर ती हळूच म्हणाली, "त्याचं बरोबरच आहे. मला भोंगा ऐकूच नाही आला, काका. मला वाटलं कान गेले. दोनदा तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. म्हणजे माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. रोज आठवून बघते, काय विचार करत होते मी तेव्हा? काही आठवत नाही." तिने टेप गुंडाळली. "आता गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली तरी दचकते."

कप तसाच ठेवून तो उठला.

तिला काहीच आठवत नव्हतं, कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच. भोंगा वाजलाच नव्हता.

झालं होतं ते असं. त्या दिवसाच्या आधीच्या रविवारी पोहण्याच्या शर्यती होत्या. ऐन शर्यतीत त्याला सावली दिसली, त्याने भोंगा वाजवला. दोनशे माणसं धडपडत बाहेर आली, आणि लाटेबरोबर वाहत आला तो शेवाळाचा मोठा पुंजका! किनाऱ्यावर हशा पिकला. किनाऱ्यावरच्या चौकीचे साहेब म्हणाले, "अहो, जरा बघून वाजवत चला." आणि त्याचा स्वतःचा जावई, चार मित्रांसमोर, "आमच्या सासरेबुवांनी आज शेवाळाला पळवून लावलं!" म्हणाला. बाकी कुणाचं नाही, पण ते त्याला लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तीन दिवसांनी सकाळी हद्द दाखवणाऱ्या तांबड्या तरंगत्या बोयांपलीकडे पुन्हा तशीच सावली दिसली. हात भोंग्याच्या दांड्यावर गेला. आणि परत आला. त्याने दुर्बीण उचलली. काच पुसली. सावली खाली गेली होती. 'शेवाळच असणार,' तो मनाशी म्हणाला आणि ती वर येण्याची वाट बघत राहिला. पाण्यात दहाबारा माणसं होती. सगळ्यात पलीकडे निळी टोपी घातलेली बाई संथपणे हात मारत होती. तिच्यापासून चार हातांवर पाठीवरचा पर वर आला तेव्हा त्याला खात्री झाली.

भोंगा वाजला तो तिच्या किंकाळीनंतर. इतका लागून की कुणाला आधीचं काय आणि नंतरचं काय ते कळलं नाही. पुढचं सगळ्या किनाऱ्याने पाहिलं, तो कसा उतरला, कसा धावला, कसा पाण्यात शिरला. संध्याकाळी त्याने नोंदवही भरली. 'सावली दिसली : नऊ सत्तेचाळीस.' शेजारच्या रकान्यात 'भोंगा वाजवला' याखाली त्याने एकोणपन्नासऐवजी पुन्हा सत्तेचाळीसच लिहिलं. त्याला तीन महिने झाले.

घरी बायको खुशीत होती. "रविवारी पोरीला आणि जावयाला बोलावलंय. बघू दे म्हणावं सासऱ्याचा मान!"

त्याने तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

"अहो, पण पाण्यात कोण शिरलं? तुम्हीच ना? ती जिवंत आहे ती तुमच्यामुळे. हे खोटं आहे का?"

"खोटं नाही. अर्धं आहे."

"झाकली मूठ आहे, तर राहू द्या की झाकलेली. दोन वर्षं राहिलीत नोकरीची. तुम्ही बोलून काय तिचा पाय परत येणार आहे?"

"पाय नाही येणार," तो म्हणाला. "पण ती कान तपासत फिरतेय गं. दोनदा तपासले तिने."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी आवरत बसली.

शनिवारी तो शर्ट आणायला गेला. ताईने शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता. फिकट निळा. "घालून दाखवा आधी." त्याने घातला. उतरलेला डावा खांदा तिने असा काही सांभाळला होता की आरशात तो सरळ दिसत होता. "वा! नवरदेव दिसताय," ती म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, तुमचे कान चांगले आहेत."

"हो, डॉक्टर तेच म्हणाले."

"तसं नव्हे. तुम्हाला भोंगा ऐकू आला नाही, कारण तो वाजलाच नव्हता. तुम्हाला धरल्यावर वाजवला मी. सावली मला आधीच दिसली होती. मी दुर्बिणीतून बघत बसलो. शेवाळ निघालं तर लोक पुन्हा हसतील म्हणून."

ताईच्या हातात कात्री होती. तिने ती टेबलावर ठेवली, मग सरळ करून ठेवली.

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत मी बाहेर आले असते."

"हो," तो म्हणाला. "आला असतात."

मशीनवर एक फ्रॉक अर्धवट शिवून पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं.

"दादाला हाक मारा," ती शेवटी म्हणाली. "त्याच्यासमोर सांगा. आत्ता सांगितलंत तसंच. एक शब्द कमी नको."

भाऊ आला. भोंगेकाकाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भावाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तीन महिने बहिणीला जे जे बोलला होता ते सगळं त्याला आठवत असणार. "चालते व्हा," तो कसाबसा म्हणाला. "आधी चालते व्हा इथून."

अंगातल्या निळ्या शर्टाची बटणं तो सोडायला लागला. एक बटण निघेना.

"राहू द्या," ताई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "घेऊन जा. तुमच्याच मापाचा आहे, दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही."

तिथून तो तडक चौकीत गेला आणि नोंदवही मागितली. साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, निमंत्रणं गेलीत सगळ्यांना! कशाला उकरून काढताय?" पण त्याने सत्तेचाळीसवर काट मारून एकोणपन्नास केलं, खाली सही केली. सत्कार रद्द झाला. चौकशी झाली. मनोरा गेला, आणि उरलेली नोकरी त्याला खाली वाळूत मिळाली, बावटे रोवायचे, बोयांचे दोर तपासायचे, भोंगा झाला की माणसं मोजून बाहेर काढायची. काही लोक बोलायचे बंद झाले. जावई मात्र पहिल्यांदाच त्याच्याशी थट्टा न करता बोलला. निळा शर्ट बायकोने कपाटात खाली घडी करून ठेवला. त्याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत.

एके सकाळी तो दोर ओढत होता तेव्हा वर मनोऱ्यावर भोंगा वाजला. वर आता नवी बाई होती. तिला धडा त्यानेच दिला होता, पण या खेपेस न हसता. तो गुडघाभर पाण्यात शिरला, हात हलवून ओरडायला लागला, "बाहेर या! चला, बाहेर!" माणसं कुरकुरत निघाली. थोड्या वेळाने लाटेबरोबर काय आलं, तर एक कुजका ओंडका.

"काय हो हे! लाकडासाठी भोंगा?" एक गृहस्थ त्याच्यावरच खेकसले.

"चुकलं साहेब, चुकलं," तो म्हणाला, आणि शेवटचं माणूस बाहेर येईपर्यंत मोजत राहिला. बारा. बाराच्या बारा.

मोजून मागे वळला तेव्हा त्याला ती दिसली. लांब कोरड्या वाळूत भावाने तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. त्या दिवसानंतर ती किनाऱ्यावर पहिल्यांदाच आली होती. पाण्यात ती नव्हतीच, तरी भोंग्याबरोबर उठून कुबडीवर उभी राहिली होती.

त्याने मान खाली घातली. जवळ जायची त्याची हिंमत झाली नाही. पण वारा तिच्याकडून त्याच्याकडे होता, आणि ती भावाला जे म्हणाली ते त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"ऐकू आला रे, दादा. पहिल्याच वेळी ऐकू आला."