न फिरवलेली किल्ली

मी पेटी बोलतेय. पाण्याच्या पंपाची पेटी. आत वायरी, बाहेर एक छोटा पडदा आणि छातीवर किल्लीचं भोक. हळूच बोलतेय, कारण समोर उन्मेष बसलाय आणि मला भीती वाटतेय. तसा माझा स्वभावच भित्रा, पण आजची भीती उगाचची नाही हो.

माझा जन्म इथला, सिंगापूरचा. बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात चौथ्या मजल्यावर उन्मेषने मला जोडलं. तो पुण्याचा, इथे येऊन जेमतेम सात महिने झालेत, वुडलँड्सला भाड्याच्या खोलीत राहतो. स्क्रू आवळताना माझ्याशी बोलायची त्याला सवय. "चल गं बाई, आता नखरे नकोस करू," म्हणायचा. मला कित्ती बरं वाटायचं!

मला जायचंय एका बेटावर. आधी फेरीबोट, मग लहान होडी. तिथे ओरांग लाऊत राहतात, पिढ्यान्‌पिढ्या होडीवर जगलेली माणसं. खूप खटपटीनंतर बेटाचा एक तुकडा त्यांच्यासाठी राखून ठेवला गेला. तिथला कारभार त्यांची समितीच बघते. धक्का कुठे बांधायचा, दिवे कधी लावायचे, सगळं तेच ठरवतात. घरं चाळीस आणि गोड्या पाण्याची टाकी एकच. म्हणून त्यांनी करारात अट घातली, की गावाने किल्ली फिरवल्याशिवाय पेटीने एकही व्हॉल्व्ह उघडायचा नाही. ती किल्ली समितीच्या प्रमुख बाईंकडे असते. त्यांना सगळे माक सुरी म्हणतात. माक म्हणजे आई.

ही अट प्रणिताला खटकली. प्रणिता म्हणजे उन्मेषची मॅनेजर, मुंबईची, बोलायला गोड.

"अरे, हे लोक मासेमारीला गेले की किल्ली कोण फिरवणार? आपल्या डॅशबोर्डवर सिस्टिम बंद दिसेल," ती म्हणाली.

"पण करारात लिहिलंय ना?"

"किल्ली काढ कुठे म्हणतेय मी? पाच मिनिटं वाट बघायची, नाही फिरवली तर आपोआप सुरू. कोण बघायला जातंय!"

उन्मेषने मान खाजवली आणि माझ्यात एक ओळ लिहिली. पाच मिनिटांत किल्ली नाही फिरली, तर उघड. मला हात नाहीत, मत नाही. लिहिलंय तेच मी करते. कुणी माझ्या तोंडून खोटं वदवून घ्यावं, तसं वाटायला लागलं.

तेवढ्यात दुसरी गंमत झाली. गंमत कसली, घातच तो! गावाने नळ्यांचा हाताने काढलेला नकाशा पाठवला होता. टाकीकडे येणाऱ्या एका नळीवर ए-आय-आर आणि पुढे एल-ए-यू-टी असं लिहिलं होतं. उन्मेष हसला. "एअर आउट! स्पेलिंगची पार वाट लावलीय." त्याला वाटलं, ही अडकलेली हवा सोडायची नळी. म्हणून पंप सुरू होताना आधी तीच उघडायची, असं त्याने मला शिकवलं. वर 'एअर आउट' असा शुद्ध स्टिकर छापून माझ्या अंगाला चिकटवला. मलाही तेव्हा काही कळलं नाही. पातळी मोजता येते मला, चव कुठे कळते!

आज सकाळी माक सुरी माझी चाचणी बघायला आल्या. गळ्यात दोरीला किल्ली, हातात दोन डबे. त्यांच्याकडे रीत आहे. होडी असो की हंडा, नवी वस्तू गावात न्यायची तर आधी तिला गावचं पाणी दाखवायचं. एका डब्यात गोडं पाणी होतं, ते त्यांनी चाचणीच्या टाकीत ओतलं. दुसरा डबा 'एअर आउट'च्या नळीखाली ठेवून नळी आत सोडली.

"आंटी, धिस इज एअर," उन्मेष म्हणाला.

"याह, याह. आयर," माक सुरी म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. उन्मेषने फोनवरून मला सुरू केलं. आता माक सुरी किल्ली फिरवणार होत्या. पण किल्ली फिरवण्याआधी चाळीस घरांची नावं घ्यायची, हीसुद्धा त्यांची रीत. किल्ली मुठीत धरून त्या सावकाश एकेक घर घेऊ लागल्या. मधेच थांबून आठवत होत्या, हसत होत्या. आणि इकडे माझी मिनिटं सरत होती. एक, दोन, तीन... लवकर घ्या ना हो नावं! मला ओरडायचं होतं, पण मला नुसती घरघर येते.

सत्ताविसाव्या घराला पाच मिनिटं झाली. माझा व्हॉल्व्ह उघडला.

माक सुरींनी नावं घेणं थांबवलं. त्यांनी टाकीतलं पाणी ग्लासात घेतलं, घोटभर प्यायल्या आणि ग्लास उन्मेषपुढे धरला. तो प्यायला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. पाणी खारट!

मग उलगडा झाला. त्यांच्या भाषेत पाण्याला आयर म्हणतात, लिहिताना मात्र ए-आय-आर. लाऊत म्हणजे समुद्र, आणि नळीखालच्या दुसऱ्या डब्यात समुद्राचंच पाणी होतं. वर्षातून एकदा टाकी घासायला समुद्राचं पाणी आणायची ती नळी, एरवी कायम बंद. ओरांग लाऊत, ओरांग लाऊत म्हणत हा मुलगा महिनोन्‌महिने मीटिंगा करत होता, आणि लाऊत म्हणजे काय, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. चाळीस घरांचं पाणी मीच नासवलं असतं, बाई गं!

उन्मेषने दहादा सॉरी म्हटलं, स्टिकर खरवडून काढला, ती नळी बंदच ठेवायची असं मला नव्याने शिकवलं. तेव्हा माक सुरींनी मूठ उघडली. किल्ली तशीच होती.

"आय नेव्हर टर्न," त्या म्हणाल्या.

उन्मेष लाल झाला. "लूज कॉन्टॅक्ट असेल, आंटी. करतो नीट."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "ओके. यू फिक्स." त्याच्या शब्दावर त्यांनी चाचणी मान्य असल्याच्या कागदावर सही केली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून उरलेली तेरा घरं म्हणाल्या.

आता दुपारचे चार वाजलेत. पाच वाजता मला न्यायला गाडी येईल. प्रणिताचा मेसेज आलाय, 'पॅक झाली ना?' उन्मेषच्या लॅपटॉपवर तीच ओळ उघडी आहे. शेजारी तो खारट पाण्याचा ग्लास तसाच आहे. तो ओळीकडे बघतो, ग्लासाकडे बघतो आणि हात मांडीवरच ठेवतो. खोक्याचं झाकण माझ्या शेजारीच पडलंय.

उन्मेष, ऐक ना रे. आज समुद्राचं पाणी होतं. उद्या तेलाचा तवंग येईल, विहीर नासेल, गाव म्हणेल थांब, आणि मी पाच मिनिटांनी उघडेनच. मला नको म्हणता येत नाही. तुला येतं. झाकण लावायच्या आधी ती ओळ काढ. नाहीतर तिथे माक सुरी रोज मूठ मिटून नावं घेतील, आणि अठ्ठाविसावं घर यायच्या आत मी उघडलेली असेन.