पान दोनशे चौदा

"मामा, ती फाइल शिवू नका."

दोऱ्याला मेण लावता लावता दप्तरीमामांचा हात थांबला. दारात उपसचिव साहेब उभे होते. एरवी ज्यांची घंटा वाजली की माणसं धावत जिने चढायची, ते साहेब आज आपल्या पायांनी दोन मजले उतरून तळघरात आले होते. तिथेच मामांच्या मनात पाल चुकचुकली.

"चौकशी समितीची ना?" मामांनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "पण न्यायाधीश बाईंनी सकाळीच शेवटच्या पानावर सही केलीय. सही झाली की त्याच दिवशी शिवायची, असा नियम आहे साहेब."

"नियम मला नका शिकवू. नुसती टॅग लावा. सोमवारी निवडून आलेले नवे लोक कारभार हातात घेतील, त्यांना चाळायला सोपी पडेल."

"शिवलेलीही चाळता येते की. पुस्तकासारखी."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "पाचला येतो मी. टॅग लावलेली दिसली पाहिजे."

ते गेले. त्यांची पावलं जिन्यावर विरेपर्यंत मामा ऐकत राहिले.

टॅग म्हणजे काय, हे मामांना कुणी सांगायला नको होतं. बोटभर दोरी आणि दोन्ही टोकांना पत्र्याची काडी. काडी आडवी केली की हवं ते पान बाहेर, पुन्हा उभी केली की फाइल जशीच्या तशी साळसूद. शिवलेल्या फाइलीचं तसं नसतं. टोच्याने तीन भोकं पाडायची, मेणाचा दोरा ओवायचा, मागे गाठ मारून तीवर लाख ओतायची आणि मोहर उठवायची. मग ती उसवायची तर लेखी हुकूम लागतो, आणि हुकुमाखाली कुणातरी जित्याजागत्या माणसाची सही. एकतीस वर्षं मामांनी हेच काम केलं होतं. लोक देवापुढे बसतात तसे ते या टेबलापुढे बसत आणि शिवता शिवता ओठांतल्या ओठांत नाम घेत. आपण शिवतो ते वाचायचं नाही, हा त्यांचा नेम. ज्याच्या कपाळावर 'गुप्त' असा ठसठशीत शिक्का, ते आपल्यासाठी नव्हे.

टायपिस्ट बाई चहा घेऊन आल्या. "मामा, वर काय धांदल आहे म्हणून सांगू! कप्पे रिकामे होतायत, फोटो उतरतायत. एकाने तर भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढून ठेवलं."

"ते का म्हणे?"

"नव्या साहेबांना कुठला महिना आवडतो, कुणास ठाऊक!" बाई हसल्या, पण हसू लगेच आटलं. मग हळूच म्हणाल्या, "त्या फाइलीत म्हणे परदेशातल्या कुणीतरी आपल्या निवडणुकीत लुडबुड केल्याचे पुरावे आहेत. खरं का?"

"मी वाचत नाही बाई."

"तुम्ही म्हणजे ना, मुलखावेगळेच!"

बाई गेल्यावर मामांनी पानं ठोकून सरळ केली. चारशे बारा पानं. दुसरी प्रत नाही. प्रत काढायचीच नाही असा हुकूम होता. शिवायची की टॅग लावायची, ते अजून ठरत नव्हतं, पण पानं मोजायला तर हरकत नव्हती. मोजता मोजता दोनशे चौदावं पान उलटं लागलेलं दिसलं. ते फिरवून सरळ करताना खालीवर कळावं म्हणून मामांनी पहिली ओळ वाचली. आणि त्यांचे डोळे तिथेच खिळले.

'आपल्या भागातील मतदान तांत्रिक कारणामुळे उद्यावर ढकलले आहे. कृपया सर्वांना कळवा.'

हा मजकूर त्यांना तोंडपाठ होता. ते राहत त्या साऱ्या इमारतीला तोंडपाठ होता.

मामांची थोरली बहीण निवृत्त नर्स. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली. इमारतीतल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन तिच्या हातचं. शनिवारच्या प्रार्थनेला पहिला सूर तीच लावायची. तिने लावल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. मतदानाच्या सकाळी हा निरोप तिच्या फोनवर आला, वर सरकारी चिन्हासकट. तिने आपलं कर्तव्य समजून ऐंशी घरांना कळवलं. दुसऱ्या दिवशी नटूनथटून सगळे केंद्रावर गेले तर केंद्राला कुलूप.

तेव्हापासून अडीच महिने झाले. आधी थट्टा झाली. 'ताई, आज वार कुठला हो? की तोही उद्यावर ढकललाय?' मग कुजबुज सुरू झाली की हिने पैसे खाल्ले. निकाल अटीतटीचा लागला, आणि हरलेल्यांना राग काढायला कुणीतरी हवंच होतं. ताईने खोलीचा पडदा ओढून घेतला. शनिवारी आता पहिला सूर दुसरंच कुणी लावतं.

मामांनी नेम मोडला. सगळं पान वाचलं.

निरोप समुद्रापलीकडच्या एका भाड्याच्या इमारतीतून सुटला होता. त्रेचाळीस हजार फोनांवर. फोन वाटेल तसे निवडलेले नव्हते. ज्यांच्या शब्दावर आजूबाजूचे लोक विश्वास ठेवतात, अशी माणसं महिनाभर हेरून ठेवली होती: शिक्षक, प्रार्थनामंडळं चालवणारे, निवृत्त परिचारिका.

मामांच्या डोळ्यांपुढचं टेबल धूसर झालं. म्हणजे ताई मूर्ख होती म्हणून फसली नव्हती. ती भली होती म्हणून तिला गाठलं होतं.

घड्याळात सव्वाचार झाले होते. पान सुटं होतं, हाताशी होतं. चार घड्या घातल्या तर सदऱ्याच्या आतल्या खिशात सहज मावेल. उद्या सकाळी इमारतीच्या फळ्यावर टाचणीने लावायचं. वाचा म्हणावं! ज्यांनी ज्यांनी जीभ चालवली त्यांनी मोठ्याने वाचा! आणि नाहीतरी टॅग लावली तर सोमवारी हे पान राहणार होतंच कुठे? मामांनी पहिली घडी घालायला पान उचललंसुद्धा.

पण मग फाइलीत दोनशे तेरानंतर दोनशे पंधरा येईल. पान काढणारा पहिला माणूस मीच. आणि उद्या कुणी विचारलं, त्रेचाळीस हजारांचं काय, तर एका घरापुरतं सुटलेलं चिटोरं कोण खरं मानणार? फाइलीत आहे तोवर तो पुरावा. माझ्या खिशात गेला की तो नुसता कागद.

"देवा, फार अवघड ठिकाणी बसवलंस रे," ते पुटपुटले. पान जागेवर ठेवलं. टोच्या उचलला.

तीन भोकं पाडली. दोरा ओवला. एकतीस वर्षांत कधी नाही ते सुई बोटात घुसली. रक्ताचा थेंब पुठ्ठ्यावर पडला. गाठ मारली, लाख वितळवून ओतली आणि मोहर दाबून धरली, ती लाख गार होईपर्यंत.

पाचला साहेब आले. लाखेकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"मामा, काय केलंत हे? उसवा. आत्ताच्या आत्ता."

"उसवतो साहेब." मामांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "फक्त दोन ओळी लिहून द्या. खाली सही."

"तोंडी सांगतोय ना मी!"

"तोंडी हुकमावर मोहर तोडली तर मी चोर ठरतो साहेब."

साहेबांनी समोरच्या खुर्चीत बसत पेन उचललं. टोपण काढलं. कागदावर टोक टेकवलं आणि तसेच बसून राहिले. पेनाखाली शाईचा ठिपका पसरत गेला. मग त्यांनी टोपण लावलं.

"मला दोन लहान मुली आहेत मामा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सोमवारी ते पहिल्यांदा मलाच बोलावतील."

"कळतंय साहेब. म्हणूनच सांगतो, सही करू नका."

"सोमवारी तुम्ही या टेबलावर नसाल," साहेब उठत म्हणाले. त्या बोलण्यात धमकी नव्हती, थकवा होता.

"चावी कुणाकडे द्यायची तेवढं सांगा."

साहेबांनी हात पुढे केला. मामांनी फाइल कपाटात ठेवली, नोंदवहीत 'शिवून मोहरबंद, पाने ४१२' असं लिहून चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

घरी ताई पडद्याआड, अंधूक उजेडात बसली होती. मामा तिच्यासमोर स्टुलावर बसले. गुप्ततेची शपथ घेतलेली, त्यामुळे त्या पानाचं नाव काढता येत नव्हतं.

"ताई, तुझी चूक नव्हती गं."

"समजूत काढायला आलास होय?"

"नाही. तुझी चूक नव्हती."

ताईने पहिल्यांदा मान वर केली. भावाला खोटं बोलता येत नाही, हे तिला त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. "कशावरून म्हणतोस?"

मामा बोट चोळू लागले. ताईची नजर त्यांच्या बोटावर गेली.

"सुई? तुला?" तिने बोट उजेडाकडे वळवून निरखलं, मग पुन्हा भावाच्या डोळ्यांत पाहिलं. शिवता शिवता ज्याने याचा हात चुकला ते आपल्याबद्दलचंच होतं, हे ती ओळखून चुकली. उठून तिने कपाटातली आपली जुनी औषधांची पेटी काढली. जखम पुसली आणि पट्टीचा पहिला वेढा घातला. वेढे घेता घेता तिच्या घशातून बारीकसा सूर निघाला. शनिवारचा पहिला सूर. अर्ध्यावर चिरकला, थांबला, पुन्हा लागला.

पट्टी केव्हाच बांधून झाली होती. मामांनी हात तसाच पुढे धरून ठेवला.