राणी घोडीचा अधांतरी पाय

मित्रांनो, थांबा. माझ्या शेपटीकडून येऊ नका. तिकडचं मला काही दिसत नाही. समोरून, जरा बाजूने या आणि येताना बोलत या. हं, आता दिसलात. मी राणी, वरातीतली एक म्हातारी पांढरी घोडी.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सुकदेवने मला घेतलं तेव्हा मी पांढरीसुद्धा नव्हते, राखाडी होते. वयाबरोबर उजळत गेले. तो मला सुरतेला, पांडेसऱ्याला घेऊन आला. कापड रंगवणाऱ्या मिलच्या चिमण्यांखाली आमचं शेड. खानदेशातून आलेल्या कुठल्याही घरात लग्न निघालं की मी हवीच. पाठीवर सुरती जरीची झूल, कपाळावर आरशांचा पट्टा, पायांत घुंगरू. बायका मला भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवत आणि नवरदेवाआधी माझी दृष्ट काढत. मिरवले मी, खोटं कशाला बोलू?

आमच्या लोकांची एक समजूत आहे. लहान मूल झोपेत दचकायला लागलं की त्याला घोडीच्या पोटाखालून तीनदा काढायचं. एकीने या अंगाने सरकवायचं, दुसरीने त्या अंगाने घ्यायचं. मुलाची भीती तिथेच गळून पडते म्हणे.

एकदा वरात निघायच्या वेळी धुरपदाबाई आपल्या नातीला, चार वर्षांच्या धनश्रीला, घेऊन आल्या.

"सुकदेव, पोर रातले दचकस रे. घोडीना पोटखालथीन काढी देऊत."

"आई, आत्ता नको ना," मागून तिची आई नूतन धावत आली. "केवढा ढोल वाजतोय! आणि घोडीचे कान बघा, पार मागे पडलेत."

"तू बी.ए. व्हयनी, पन पोर झोपनी का?" सासूबाई फणकारल्या.

सुकदेव हसला. "वहिनी, राणी गाय शे गाय. काही नही करस."

मित्रांनो, नूतनने बरोबर पाहिलं होतं. कान मागे चिकटले की समजा, घोडा घाबरलाय किंवा चिडलाय. पण तिचं कोण ऐकतं? "मग पलीकडून घेणारी मीच," म्हणत ती माझ्या दुसऱ्या अंगाला आली.

धुरपदाबाईंनी पोरीला खाली सरकवलं आणि त्याच क्षणी कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली.

मी उसळले. माझ्या धक्क्याने नूतन बाजूला पडली. सुकदेव लगामाला लटकून ओरडत होता, "बंध कर ने, भाई!" धनश्री वाट फुटेल तिकडे, म्हणजे नेमकी माझ्या मागच्या पायांकडे पळाली. माझा एक पाय उचलला गेला होता. घोड्याची लाथ ठरवून मारलेली नसते, मित्रांनो. ती आधी सुटते, मग कळते.

तेवढ्यात दुसऱ्या पायाला काहीतरी बिलगलं. एवढंसं, ऊन ऊन, थरथरणारं. दोन हात.

सगळी गल्ली किंचाळली. नूतन किंचाळली नाही. ती उठली आणि मला दिसेल अशी खांद्याजवळ आली. "राणी, मी आहे. इथेच आहे. धनू, हलू नको हं." तिचा हात माझ्या खांद्यावर आला, मग पाठीवर, मग मागे पुठ्ठ्यावर. तो अंगावरून एकदाही सुटला नाही. तिच्या अंगाला भीतीचा वास येत होता, पण आवाज अगदी संथ. इतकी भ्यालेली बाई इतकी स्थिर राहू शकते? मी आयुष्यात घोडे पाहिले, हत्ती पाहिले. असं बळ पाहिलं नव्हतं. तिच्यापुढे माझी भीती गप्पच झाली. मी पाय अधांतरी धरून तीन पायांवर उभी राहिले.

तिने लेकीला हळूच स्वतःकडे ओढून घेतलं. मग मी पाय टेकवला. तो धनश्रीच्या निसटलेल्या चपलेवर पडला. चप्पल चेंदामेंदा झाली.

ढोल थांबला होता. धुरपदाबाईंनी ती चप्पल उचलून पदरात धरली. "तुनं खरं व्हतं वं पोरी," त्या सुनेला म्हणाल्या. "कान माले बी दिसेल व्हतात, पन मी आयकं नही." त्यानंतर सुकदेवने एकही मूल माझ्या पोटाखाली जाऊ दिलं नाही.

आता वराती फुलांनी मढवलेल्या मोटारीतून निघतात. माझी झूल उंदरांनी कुरतडली. दिवसच्या दिवस कुणी फिरकत नाही. पण धनश्री येते, शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन. दारातूनच हाक मारते, "राणी, मी आहे गं!" आणि मागे वळून पोरींना दटावते, "शेपटीकडे जायचं नाही. तळहात सपाट ठेवा, नाहीतर डाळीबरोबर बोटं जातील!"

मला खरारा करा, पाणी पाजा, माझ्याजवळ फटाके वाजवू नका. आणि मित्रांनो, माझी भीती वाटली तर वाटू द्या. मात्र भ्यायचं तर नूतनसारखं, डोळे उघडे ठेवून. मग हाक द्या आणि खुशाल हात लावा. चारही पाय जमिनीला टेकवून मी तुमची वाट बघते आहे.