नुसतं गोड आणि गार

मित्रांनो, मी एक जुनी सरबताची टाकी आहे. सध्या जुन्या सामानाच्या दुकानात एक शिवणयंत्र आणि एक मोडका वजनकाटा यांच्यामध्ये उभी आहे. काल तुमच्या शाळेच्या उपाहारगृहाच्या बाई मला बघून गेल्या. त्यांनी माझ्या पारदर्शक भिंतीवर टिचकी मारली, तोटीची दांडी दाबून पाहिली आणि विचारलं, "हिचं कारंजं चालतं ना? मुलांना तेच आवडतं." दुकानदार म्हणाला, "एकदम झकास चालतं! नवा पट्टा टाकलाय." म्हणजे आता तुमची-माझी गाठ पडणार असं दिसतं. त्याआधी मी कशी आहे ते माझ्याच तोंडून ऐका. दुकानदार काही सांगणार नाही, त्याला मला विकायचं आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. खाली थंडावा देणारी पेटी, वर चौकोनी पारदर्शक डबा, पुढे तोटी आणि पोटात एक छोटा पंखा. पंखा फिरला की रस मधल्या नळीतून वर उडतो, झाकणाला लागतो आणि चारही भिंतींवरून खाली ओघळतो. ज्या कारागिराने तो बसवला, तो आपल्या जोडीदाराला म्हणाला होता, "रस म्हटला की गाळ खाली बसणारच. हा पंखा त्याला बसू देत नाही." माझं काम काय, हे मला तेव्हा कळलं. ते वाक्य एक दिवस माझ्याच अंगावर येईल, हे मात्र कळलं नाही.

तिथून मी थेट एका प्रवासी बोटीवर गेले. बोट कसली, पाण्यावर तरंगणारं अख्खं गावच! खालच्या मजल्यावर मोठं भोजनगृह होतं आणि त्याच्या खिडकीपाशी फुकट पेयांचं टेबल. तिकिटाच्या पैशांत ही पेयं मिळायची, म्हणून फुकट म्हणायचं. टेबलावर मी, माझ्या शेजारी कॉफीचं यंत्र आणि पलीकडे बर्फाची पेटी. वरच्या मजल्यावर आणखी एक पेयगृह होतं, तिथे मात्र प्रत्येक पेल्याचे वेगळे पैसे पडत.

सुरुवातीचे दिवस आठवले की अजून बरं वाटतं. तेव्हाचे मुख्य स्वयंपाकी खमके होते. पोत्यांनी संत्री येत, भल्या सकाळी पिळली जात आणि तो रस माझ्यात ओतला जाई. रेशे, गर, एखादी चुकार बीसुद्धा. माझा पंखा गरगरा फिरायचा आणि लहान मुलं भिंतीला नाक लावून कारंजं बघत बसायची. "आई, अजून एक!" हे मी इतक्यांदा ऐकलं की मला वाटू लागलं, ते माझंच नाव आहे. गर्वच झाला म्हणा ना.

मग ते स्वयंपाकी निवृत्त झाले. आधी रसात बर्फ जास्त पडू लागला. मग पाणी. मग पिळलेल्या रसाऐवजी डब्यातला आटवलेला रस आला, आणि शेवटी एक केशरी पावडर. बादलीत पाणी घ्यायचं, पावडर टाकायची, लांब दांडीने ढवळायचं आणि माझ्यात ओतायचं. साखर, आंबटपणा आणि रंग. संत्र्याने त्या बादलीकडे ढुंकूनही पाहिलेलं नसायचं. तेवढ्यावरही भागलं नाही. टेबलाच्या टोकाला संत्र्यांची एक देखणी टोपली आणून ठेवली, लोकांना ताजेपणा वाटावा म्हणून. संत्री मेणाची होती. बोट डुलली तर घरंगळतील म्हणून वरून जाळी बांधली होती, त्यामुळे कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता.

आणि मित्रांनो, लोकांचं कौतुक काही कमी झालं नाही! "किती ताजं दिसतं!" असंच म्हणायचे. कारण माझं कारंजं तसंच उडत होतं. पावडरीला मी रसासारखं नाचवत होते. लोक फसत होते ते चवीने नव्हे, माझ्या नाचाने. हे मला समजत होतं आणि तरी मी ऐटीत फिरत होते. याची लाज मला फार उशिरा वाटली.

टेबल सांभाळायला एक काउंटरवाला होता. सतत बर्फाची बादली घेऊन फिरायचा, म्हणून सगळे त्याला बर्फदादा म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्याला वरून सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलंच तर "ताजं आहे" एवढंच म्हणायचं. तो तेवढंच म्हणायचा आणि म्हणताना नेहमी फडक्याने टेबल पुसायचा, पुसायला काही नसलं तरी.

एका सफरीत एक काका-काकू आले. लेकीने हट्टाने तिकीट काढून त्यांना पाठवलं होतं. काकूंचा घरचा जॅमचा व्यवसाय. त्या आणि त्यांची धाकटी जाऊ मिळून तांब्याच्या मोठ्या पातेल्यात संत्र्याचा जॅम करायच्या. काका बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. त्याही वाकड्या चिकटवतात, असं काकू सगळ्यांना सांगत. मी मनातल्या मनात त्यांना जॅमच्या काकू म्हणू लागले.

पण आधीच्या महिन्यांत काकूंना मोठा ताप येऊन गेला होता. त्यात त्यांची वास घ्यायची शक्ती गेली आणि वासामागोमाग चवही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल हळूहळू, ओळखीच्या चवीने रोज चाचपून बघा. काकूंची ओळखीची चव म्हणजे संत्रं. आयुष्य त्याच्यातच गेलेलं. घरून निघताना त्यांनी जावेला सांगितलं होतं, "परत येईपर्यंत जीभ आली तर आली. नाहीतर आपण हे बंद करू. चव न बघता मी बाटली विकणार नाही."

हे सगळं त्यांनी माझ्यासमोरच बर्फदादाला सांगितलं. पहिल्याच सकाळी काका पेला भरायला आले तेव्हा.

"बघ, ताजी संत्री ठेवलीयत टोपलीत," काका म्हणाले. "आता घे, सावकाश घोट घे."

काकूंनी घोट घेतला. डोळे मिटले. जिभेवर घोळवला. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, परीक्षेचा निकाल लागताना बघावं तसे.

"काय लागतंय?"

"नुसतं गोड आणि गार," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, इतकं खरं त्या बोटीवर त्याआधी कुणीही बोललं नव्हतं. शेकडो निरोगी जिभा माझं कौतुक करून गेल्या, आणि आजारातून उठलेल्या या बाईने एका घोटात माझी झडती घेतली. पण काकूंना ते कळलं नाही. त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आपली जीभ मेली.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड म्हणजे तोटी, आणि त्यातून येतं तेच केशरी पाणी. बर्फदादा टेबल पुसत राहिला.

त्यानंतर काका रोज पेला भरत आणि काकू रोज डोळे मिटत. काका धीर देत. "काल तुला साबणाचा वास आला होता ना?"

"भास असेल हो. साबणाचं काय घेऊन बसलात? संत्र्याचं नाव नाही."

मग त्यांनी कॉफी घेऊन पाहिली. माझ्या शेजारच्या यंत्राची कॉफी म्हणजे ऊन पाण्याला आलेला तपकिरी रंग. तीही काकूंना पाण्यासारखीच लागली, आणि पुन्हा त्यांनी दोष स्वतःलाच दिला. शेवटी त्या टोपलीपाशी गेल्या, जाळीवर वाकल्या आणि खोल श्वास घेतला. मेणाच्या संत्र्यांना वास कुठून येणार? त्या तशाच वाकून राहिल्या. मग पदराने डोळे पुसले आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. काकांना काय करावं सुचेना, म्हणून ते माझ्यापाशी आले आणि आणखी एक पेला भरला. मी तो भरून दिला. पंखा फिरत होता आणि मी नाचत होते. त्या नाचाची आठवण आली की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बर्फदादाने हे सगळं पाहिलं. तो एकदा काकूंच्या दिशेने दोन पावलं गेलाही, पण तेवढ्यात भोजनगृहाचे व्यवस्थापक आत आले. तो वळला आणि बर्फ आणायला निघून गेला. बर्फाची पेटी भरलेली होती.

त्या दुपारी काकूंनी माझ्यासमोरच्याच टेबलावरून जावेला फोन लावला. आवाज अगदी शांत होता, आणि तेच जास्त लागलं. "नाही गं, नाही आली. आता येईल असं वाटत नाही... नको, मन नको घट्ट करायला सांगूस, झालंय ते. स्वयंपाकघराला कुलूप लाव. आणि ते पातेलं, मागत होती ना ती मिठाईवाली, तिला देऊन टाक. डोळ्यांसमोर नको."

 बाटल्यांवर वाकड्या चिठ्ठ्या चिकटवायचं काकांचंही काम त्या फोनमध्ये गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा पंखा फिरवणारा पट्टा तुटला. मी मुद्दाम तोडला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तुमच्याशी खोटं नको. जुना झाला होता, तुटला. पंखा थांबला, कारंजं बसलं. दुरुस्तीवाला येईपर्यंत भरलेली टाकी तशीच उभी राहिली. नाश्ता संपला, दुपारचं जेवणही संपत आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांसमोर न नाचता उभी होते.

काका सवयीने पेला घेऊन आले. काकू मागे होत्या, ओढून आणल्यासारख्या. त्यांनी सहज माझ्याकडे पाहिलं. मग जवळ आल्या, आणखी जवळ, आणि त्या लहान मुलांसारखं माझ्या भिंतीला नाक लावून तळाकडे बघू लागल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा रस बसला कसा नाही?"

"म्हणजे?"

"सकाळपासून बंद आहे म्हणतात. वर निवळी यायला हवी, खाली गाळ बसायला हवा. हे बघा, वरपासून खालपर्यंत एकच रंग. एक रेशासुद्धा नाही." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, यात संत्रं नाहीये."

 काकू बर्फदादाकडे वळल्या. या खेपेला त्याने फडकं उचललं नाही. तो जिना चढून वरच्या पेयगृहात गेला आणि एक खरं संत्रं घेऊन आला. त्याने काकूंच्या नाकासमोर सालीत नख रुतवलं. सालीतून बारीक तुषार उडाले.

काकूंनी श्वास घेतला आणि दचकून मागे सरल्या. मग त्याच्या हातून संत्रं जवळजवळ हिसकावूनच घेतलं, पुन्हा हुंगलं, आणि तिथेच खुर्चीत बसून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "जरा उतरलेलं आहे," त्या म्हणाल्या, "पण संत्रं आहे!" काकांनी हातातला पेला माझ्यासमोर आपटला आणि लहान मुलासारखे स्फुंदू लागले.

जरा सावरल्यावर काकूंनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं," बर्फदादा मान खाली घालून म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं तर काय म्हणायचं ते ठरवून दिलंय, काकू. आणि तुम्ही तर कधी विचारलंच नाहीत."

"विचारलं नाही खरं," काकू म्हणाल्या. "मी रडत होते."

 

काकूंनी लगेच जावेला फोन केला. कुलूप काढणं सोपं होतं, पण पातेलं सकाळीच गेलं होतं. मिठाईवालीने घरी नेऊन त्याची कड कापून घेतली होती, तिच्या चुलीला बसेना म्हणून.  ते पातेलं काकूंच्या सासूबाईंचं होतं. मग काकू म्हणाल्या, "असू दे. आपण छोट्या पातेल्यात करू. जीभ आहे माझी." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि जाता जाता माझ्या थंड भिंतीवरून एकदा हात फिरवला. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

ती सफर संपल्यावर मला बोटीवरून उतरवलं. बर्फदादानेच मला शेवटचं धुतलं. गरम पाण्याने, तोटीच्या आतपर्यंत ब्रश घालून, जणू दोघांचाही काही डाग निघणार होता. माझ्या जागी नवी टाकी आली. तिचं कारंजं म्हणे दुप्पट उंच उडतं.

तर मित्रांनो, ही मी. इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. ते मागायला माझी जीभ रेटत नाही. मला घेतलंत तर एवढंच करा. मधून मधून माझा पंखा बंद करा आणि मला थोडा वेळ नुसतं उभं राहू द्या. तळाशी गाळ बसला तर प्या. नाही बसला तर मला मोरीत रिकामी करा, मला वाईट वाटणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला कधी चव लागली नाही, तर आधी पेल्याकडे बघा, जिभेला दोष नंतर द्या.

आणि माझ्यासमोर कुणी रडत उभं राहिलं आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असलं, तर त्याने विचारण्याची वाट बघू नका.