दाराची मागची बाजू

धाकट्या भावाची चित्रं संग्रहालयात लागली, म्हणजे बहिणीचा ऊर भरून यायला हवा. पण मी चित्रं बघायला गेलेच नव्हते. मी माझ्या कपाटाचं दार बघायला गेले होते.

आमचा मुलगा होता तोवर त्याची उंची आम्ही त्या दारावर, आतल्या बाजूनं, पेन्सिलीनं मांडायचो. तो गेला. मग घर बदललं, नव्या घरात कपाट मावेना, म्हणून दार तेवढं भावाकडे ठेवलं. "जपून ठेव रे," म्हटलं. जपलं त्यानं. फक्त बाहेरच्या बाजूवर भलंमोठं पिवळं काहीतरी रंगवून ठेवलं. दुसरं फळकूट मिळालं नाही त्याला! आता तोही नाही, भांडू कुणाशी?

दार पांढऱ्या भिंतीला चिकटून टांगलं होतं. बिजागरीच्या खाचा तेवढ्या ओळखीच्या. लोक मान वाकडी करून पिवळ्यात काहीबाही शोधत होते. आमचे हे माझ्या मागे उभे.

मी पहारेकऱ्याला म्हटलं, "बाबा, हे जरा उलटं करून दाखवता का?" त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. तरी त्यानं आतून चित्रांची देखभाल करणाऱ्या बाईंना बोलावलं. लहानशीच मुलगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मला मावशी म्हणाली, खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"लाकडाला कीड लागली होती, मावशी. चित्र वाचवायला मागची बाजू घासून काढावी लागली. मी आधी नीट बघितलं होतं. महत्त्वाचं काही नव्हतं, नुसत्या रेघा..." आणि ती थांबली.

"फोटो असेल ना?"

"समोरच्या बाजूचा आहे."

माझा राग घरादाराला ठाऊक आहे. पण तिला काय बोलू? कीड खरी, तिचं कामही खरं. रागवायला माणूसच उरलं नव्हतं.

हे तोवर भिंतीजवळ गेले होते. त्यांनी छातीच्या जरा खाली तळहात आडवा धरला.

"काका, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

ह्यांनी हात मागे घेतला, पण खाली सोडला नाही. थोडा वर केला, पुन्हा खाली आणला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इथंच यायचा ना गं?"

मला सांगता येईना.